डब्ल्यू=1, सहा महिने वापरून: ड्रायव्हरमधली बिनकामाची व्हेरिएबल्स आणि दोन कंपायलर

आधी सामान सांगते, म्हणजे कोणाला ताडून बघायचं असेल तर सोपं जाईल. उबुंटू 22.04, त्याच्यासोबत येणारा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) जीसीसी 11, नंतर वेगळा बसवलेला दुसरा कंपायलर क्लँग 17 आणि लिनक्स कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) 6.6. बोर्ड आमचाच, चार कोरचा आर्म. त्यावर शीतगृहातलं तापमान आणि आर्द्रता मोजणारी चिप. तिच्याशी बोलणारा, कर्नेलमध्ये बसणारा ड्रायव्हर 11 फायलींचा. त्यातला एक तृतीयांश आम्ही लिहिलेला आणि बाकीचा चिपवाल्या कंपनीने झिप फाइलमध्ये घालून दिलेला. मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत सतरा वर्षं हेच काम करते आहे. कंपायलरला पैसे पडले नाहीत. वेळ किती पडला ते पुढे येईलच.

ज्याचा हा रिव्ह्यू आहे ते म्हणजे मेक या कोड बिल्ड करणाऱ्या कमांडसमोर लिहायची तीन अक्षरं, डब्ल्यू=1. कर्नेल बिल्ड करताना ही घातली की कंपायलर एरवी गिळून टाकतो त्या बऱ्याच वॉर्निंग्ज बाहेर येतात. अख्खं कर्नेल बिल्ड करायची गरज नाही, मेकला आपल्या ड्रायव्हरच्या फोल्डरचं नाव दिलं की तेवढंच होतं. हे विकत मिळत नाही, याला खोका नाही. पण मी ते एखाद्या मिक्सरसारखं रोज वापरलंय, म्हणून मिक्सरसारखाच रिव्ह्यू.

माझा पहिला धक्का असा होता की डब्ल्यू=1 नसताना आमचा ड्रायव्हर स्वच्छ दिसायचा. एक वॉर्निंग नाही. ग्राहकासमोरच्या मीटिंगमध्ये मी हे अभिमानाने सांगितलेलं आहे, आणि सांगताना खोटं बोलतेय असं मला अजिबात वाटलं नव्हतं. भानगड अशी की साधं बिनवापराचं व्हेरिएबल, म्हणजे नुसतं घोषित केलं आणि पुढे हातही लावला नाही, ते कर्नेलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये पकडलं जातं. पण ज्याच्यात किंमत भरली आणि मग कधी वाचलीच नाही, ते वेगळं खातं. ही दुसरी तपासणी जीसीसीमध्ये 4.6 या आवृत्तीपासून, म्हणजे 2011 साली आली आणि थेट डब्ल्यू-ऑल या नेहमीच्या वॉर्निंग्जच्या संचात जाऊन बसली. कर्नेलमध्ये त्या वॉर्निंग्जचा एवढा पूर आला की त्याच वर्षी तिचं तोंड बंद केलं गेलं. ते आजही नेहमीच्या बिल्डमध्ये बंदच आहे. डब्ल्यू=1 म्हटलं की उघडतं.

तर ते उघडलं. 63 वॉर्निंग्ज. त्यातल्या 41 एकाच घराण्यातल्या: व्हेरिएबल अमुक सेट बट नॉट यूज्ड.

इथे मी चूक केली, ती सांगून टाकते, कारण या उत्पादनाचा सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. आमच्याकडे नुकताच कॉलेजातून आलेला एक मुलगा आहे, हुशार आणि हाताचा चपळ. त्याला म्हटलं, "अरे, एवढ्या वॉर्निंग्ज साफ करून टाक, दोन दिवस घे." त्याने दीड दिवसात केलं. 63 वरून शून्य. मी पॅच (त्याने केलेले बदल) वरवर बघितला, लाल ओळी भरपूर आणि हिरव्या थोड्या, छान वाटलं, मर्ज केला.

संध्याकाळी बोर्डवर ड्रायव्हर चढवला आणि सीरियल कन्सोल मेला. एंटर दाबून काही नाही. एसएसएच नाही. काही वेळाने आरसीयू स्टॉलची, म्हणजे एखादा कोर अडकून पडल्याची, ओळ आली, तिची मुदत मुळात 21 सेकंदांची असते. मग तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा. मुलगा म्हणाला, "मॅडम, पॉवर सप्लाय असेल." आमच्याकडे काहीही झालं की आधी पॉवर सप्लायवर बिल फाडतात. सप्लाय बदलला. तेच.

मग डोकं लावलं. बोर्ड नव्याने चालू केला आणि ड्रायव्हर चढवण्याआधीच सीरियल आणि नेटवर्कचे इंटरप्ट (हार्डवेअर कोरला मारतं त्या हाका) पहिल्या कोरवरून उचलून दुसऱ्यावर टाकले, प्रॉक फोल्डरमधल्या आयआरक्यूच्या, म्हणजे इंटरप्टच्या, एसएमपी-अफिनिटी फायलीत आकडा लिहून. आता ड्रायव्हर चढवला तरी कन्सोल जिवंत राहिला. प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल उघडली तर आमच्या चिपच्या ओळीत पहिल्या कोरचा आकडा सेकंदाला लाखांनी पळत होता. ही चिप शांतपणे सेकंदाला दहा इंटरप्ट देते. पहिला कोर बिचारा दार उघडतोय, कोणी नाही म्हणून लावतोय, की पुन्हा बेल.

ती ओळ मी इथे जशीच्या तशी सांगते. इंटरप्ट हँडलरच्या (इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनच्या) सुरुवातीला चिपवाल्यांनी लिहिलं होतं: टेम्प बरोबर रीडएल, कंसात बेस अधिक 0एक्स14. म्हणजे चिपमधल्या 0एक्स14 या जागेवरचं वाच आणि टेम्पमध्ये ठेव. खाली टेम्पचा कुठेच पत्ता नाही. कंपायलर म्हणाला, टेम्प सेट केलं पण वापरलं नाही. शंभर टक्के खरं. मुलाने टेम्प काढलं आणि त्याच्यासोबत अख्खी ओळ काढली. तेही वरवर बघता बरोबर, कारण किंमत कोणालाच नको होती. पण 0एक्स14 हे स्टेटस रजिस्टर (चिपमधला स्थिती सांगणारा खण) आहे आणि वाचलं की पुसलं जातं अशा जातीचं. त्या ओळीचं काम किंमत आणणं नव्हतंच, वाचणं हेच काम होतं. वाचलं नाही तर चिप इंटरप्टची तार ओढूनच धरते. शिवाय हँडलर शेवटी निमूटपणे "हँडल्ड" म्हणून परत येत होता, त्यामुळे कर्नेलची राखणसुद्धा मदतीला आली नाही. हँडलर "माझा नाही" म्हणून परतला असता तर एक लाखातले 99,900 इंटरप्ट बेवारस निघाल्यावर कर्नेल "नोबडी केअर्ड" म्हणत ती तार स्वतःच तोडतं. आमच्याकडे प्रत्येक वेळी सही होत होती, मग बेवारस कसं म्हणणार?

बरोबर दुरुस्ती एवढीच: डावीकडचं टेम्प आणि बरोबरचं चिन्ह खोडायचं आणि रीडएल तसंच ठेवायचं. रीडएलच्या पोटात व्होलाटाइल (हे वाचन टाळू नकोस असा कंपायलरला हुकूम) आहे, त्यामुळे परत आलेली किंमत कोणी घेतली नाही तरी कंपायलर ते वाचन उडवू शकत नाही. आणि वर एक ओळ कॉमेंट: वाचल्याने स्टेटस पुसलं जातं, काढू नका. चिपवाल्यांनी ही एक ओळ लिहिली असती तर आमची रात्र वाचली असती. रात्री साडेदहाला कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून भुर्जी-पाव खाताना मुलगा म्हणाला, "मॅडम, पण वॉर्निंग खोटी नव्हती ना?" नव्हती. खोटी नव्हती हेच तर.

यानंतर मी 41 च्या 41 परत उघडल्या, डेटाशीट (चिपची माहितीपुस्तिका) शेजारी ठेवून, एकेक. शून्य वॉर्निंगचा पॅच मागे घेतला. तीन आठवडे गेले. वेळेचं म्हणत होते ते हे.

त्यातल्या साधारण निम्म्या खरोखर केर होत्या. जुन्या आवृत्तीतलं गणित काढलं आणि व्हेरिएबल राहिलं, असलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, पुसून टाकलं. पाच-सहा ठिकाणी वर सांगितलं तसं वाचन होतं. दोन ठिकाणी वाचनाचं कारण आणखी वेगळं निघालं: आधी राइटएल (लिहिणं) आणि लगेच त्याच पत्त्याचं वाचन. बसवर लिहिलेलं कधीकधी वाटेत रेंगाळतं. परत वाचलं की ते पोचल्याची खात्री होते, मगच पुढची पायरी. हेही काढून टाकलं असतं तर बोर्ड टेबलावर चाललाच असता आणि महिन्यातून एकदा कुठेतरी लांब गावी बंद पडला असता. आम्हाला दिसणारा मृत्यू आला म्हणून आम्ही नशीबवान.

आता डब्ल्यू=1 ला मी चार तारे का देते आहे ते सांगते.

आमच्या पिंपळगाव बसवंतकडच्या एका ग्राहकाची द्राक्षाच्या शीतगृहातून दोन वर्षं एकच तक्रार: यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की कधीकधी तापमान शून्य दाखवतं, परत बंद-चालू केलं की बरं होतं. आम्ही सेन्सर बदलले, केबल बदलली, एकदा तर मी स्वतः थंडीत जॅकेट घालून आत तीन तास बसले. काही सापडेना. 41 मधल्या एका ओळीवर हे होतं: रेट बरोबर रेग्युलेटर-एनेबल, म्हणजे सेन्सरची वीज चालू कर आणि जमलं की नाही ते रेटमध्ये ठेव. (रेट म्हणजे रिटर्नचं लघुरूप, सगळे ड्रायव्हरवाले हेच नाव ठेवतात, भावाशी संबंध नाही.) आणि पुढे रेट कोणी बघितलेलंच नाही.

ही ओळ लिहिणाऱ्याने असं का केलं असेल ते मला लगेच कळलं, कारण मीही केलंय. रेग्युलेटर-एनेबल या फंक्शनवर कर्नेलने मस्ट-चेकचा, म्हणजे उत्तर बघायलाच हवं असा, शिक्का मारलेला आहे. नुसतं बोलावून सोडून दिलं तर कंपायलर ओरडतो. जीसीसीमध्ये पुढे कंसात व्हॉइड ("उत्तर नको") लावलं तरी ओरडतोच, क्लँग तेवढ्यावर ऐकतो. मग माणूस काय करतो? रेटमध्ये घेऊन ठेवतो. मस्ट-चेक गप्प. आणि घेतलं पण वापरलं नाही ही वॉर्निंग नेहमीच्या बिल्डमध्ये बंद. म्हणजे एका राखणदाराला दुसऱ्याच्या पाठीमागे उभं करून दोघांच्या डोळ्यांत धूळ. डब्ल्यू=1 मध्ये दुसरा राखणदार जागा असतो.

मी रेट तपासायला दोन ओळी घातल्या: शून्य नसेल तर डेव्ह-एरने लॉगमध्ये लिही आणि परत जा. गोदामातले 40 बोर्ड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी चालू केले. दोन बोर्डांवर लॉगमध्ये उणे 110 आलं. उणे 110 म्हणजे टाइमआउट. पॉवर सांभाळणाऱ्या चिपशी आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर बोलणं होत नव्हतं, म्हणून सेन्सरला वीजच मिळत नव्हती, आणि ड्रायव्हर खुशाल त्या मेलेल्या सेन्सरकडून शून्य वाचून वर पाठवत होता. शेवटी दोष निघाला पुल-अप रोधाच्या निवडीत, म्हणजे आमच्याच हार्डवेअरमध्ये. आठ आण्यांचा भाग. दोन वर्षं आम्ही ज्याच्यासाठी नाशिकच्या फेऱ्या मारल्या ते उत्तर कंपायलर रोज बिल्डच्या वेळी सांगायला तयार होता, आम्हीच त्याला बोलू देत नव्हतो.

दोन्ही किस्से शेजारी ठेवून बघा. वॉर्निंग शब्दशः एकच. एका ठिकाणी व्हेरिएबल खोडून कॉल ठेवायचा, दुसऱ्या ठिकाणी व्हेरिएबल ठेवून ते वाचायचं. कंपायलरला हे कळायचा मार्ग नाही, तो डेटाशीट वाचत नाही. "सेट बट नॉट यूज्ड" या चार शब्दांपलीकडे तो काही बोलतही नाही. म्हणून एक तारा कमी.

आता दोन कंपायलरांबद्दल. मी जीसीसीवर वाढलेली बाई आहे, क्लँगकडे जायला मला कारण लागतं. कारण मिळालं. सेन्सर तयार आहे का बघणारी एक लूप होती: रेडी बिट येईपर्यंत वाच, 10 मायक्रोसेकंद थांब, रिट्राइज अधिक-अधिक (म्हणजे आकडा एकाने वाढव). जीसीसी 11 ला यात काही वावगं दिसलं नाही, कारण अधिक-अधिक करणं म्हणजे वापरणंच असं त्याचं मत. उबुंटूच्या पेटीतला क्लँग 14 ही गप्प. क्लँग 17 म्हणाला, रिट्राइज सेट केलंय पण वापरलं नाही. क्लँगमध्ये ही सेट-बट-नॉट-यूज्ड तपासणी मुळात आलीच उशिरा, 2021 च्या 13 व्या आवृत्तीत. नुसतं अधिक-अधिक झालेली व्हेरिएबल्स पकडायला 15 पासून लागला.

मोजतोय, पण कशासाठी मोजतोय? "इतक्या वेळा झालं की सोड" ही ओळ लिहायची राहून गेली होती. चिप मेली तर लूप कल्पांतापर्यंत चालणार. ती सगळी लूप काढून आम्ही कर्नेलचं तयार रीडएल-पोल-टाइमआउट वापरलं. त्यात मुदत द्यावीच लागते, विसरायची सोयच नाही. अशा तीन लूप निघाल्या. तीनपैकी एक मी लिहिलेली होती, 2016 साली, गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या यादीत) माझं नाव ढळढळीत.

आणखी एक ठिकाण जिथे क्लँग पुढे आहे: एखाद्या सी फायलीतलं स्टॅटिक इनलाइन फंक्शन कोणीच वापरत नसेल तर जीसीसी काही म्हणत नाही, डब्ल्यू=1 मध्ये क्लँग म्हणतो. आमच्याकडे अशी चार निघाली, पैकी एक ऑफसेट दुरुस्तीचं गणित करणारं. ते बोलवायचं राहून गेलं होतं की मुद्दाम काढलं होतं, हे सांगणारा माणूस आता बंगळुरूला दुसऱ्या कंपनीत आहे. फोन केला. "अहो ताई, ते जुन्या चिपसाठी होतं, उडवा." उडवलं.

क्लँगच्या विरुद्धही थोडं बोलायला हवं, नाहीतर मी विकायला बसले आहे असं वाटेल. 17 च्या आधीचे क्लँग क्लीनअप लावलेल्या व्हेरिएबल्सना बिनकामाची समजायचे. त्या व्हेरिएबल्सचं काम फक्त ब्लॉकच्या शेवटी मरणं आणि मरताना कुलूप उघडणं एवढंच असतं. 2023 मध्ये 6.5 पासून कर्नेलमध्ये गार्ड वगैरे (आपोआप उघडणारी कुलपं) आलं तेव्हापासून असली व्हेरिएबल्स वाढली आहेत. कर्नेलच्या कंपायलर-क्लँग हेडरमध्ये यावर पळवाट घालून ठेवलेली आहे आणि शेजारच्या कॉमेंटमध्ये 17 आधीचा क्लँग "सिली" वागतो असं चक्क लिहिलेलं आहे. ते वाचून मी एकटीच हसले. ऑफिसात कोणाला सांगणार हा विनोद? पळवाट असल्यामुळे आपल्याला त्रास होत नाही, पण बाहेर स्वतःचं काही लिहीत असाल तर लक्षात ठेवा.

थोडक्यात, रोजच्या बिल्डला जीसीसी, आठवड्यातून एकदा एलएलव्हीएम=1 डब्ल्यू=1 (एलएलव्हीएम=1 म्हणजे क्लँगने बिल्ड कर). एकालाच ठेवायचं म्हणाल तर आज मी क्लँग ठेवीन, आणि हे लिहिताना बोटं किंचित अडखळली हे कबूल.

आता वॉर्निंग गप्प करायच्या औषधांविषयी, कारण लोक मुळात तेच शोधत येतात.

मेबी-अनयूज्ड ("कदाचित बिनवापराचं") हा शिक्का चांगला आहे, पण मिठासारखा. कर्नेलच्या कोडिंग स्टाइलमध्ये सरळ लिहिलंय की काही कॉन्फिगमध्येच (बिल्ड करताना निवडलेल्या पर्यायांतच) जे बिनवापराचं ठरतं त्याच्यावर हा शिक्का मारा, इफडेफच्या (पर्याय चालू असेल तरच आतला कोड धरणाऱ्या) कुंपणात घालू नका. आणि जे कायमच बिनवापराचं आहे ते काढून टाका. आमच्या चिपवाल्यांच्या झिपमध्ये 22 ठिकाणी हा शिक्का होता आणि त्यातली 19 कायमची बिनवापराची. म्हणजे मेलेल्या माणसाच्या दारावर "बाहेर गेले आहेत, लवकरच येतील".

खरी गरज होती ती सस्पेंड आणि रिझ्यूमला. झोपेची सोय बंद करून कर्नेल बिल्ड केलं की ही दोन फंक्शन कोणी बोलावत नाही आणि "डिफाइन्ड बट नॉट यूज्ड" येतं. पूर्वी लोक इफडेफ लावायचे, मग मेबी-अनयूज्ड. आता दोन्ही नको. कर्नेल 5.17 पासून डिफाइन-सिंपल-डेव्ह-पीएम-ऑप्स आहे, सोबत पीएम-स्लीप-पॉइंटर. कंपायलरला दोन्ही फंक्शन दिसतात, तपासली जातात, आणि झोप बंद असेल तर शेवटी गुपचूप गळून पडतात. आम्ही दोन इफडेफ काढले तर आतल्या रिझ्यूममध्ये एका फील्डचं नाव चुकलेलं निघालं. त्या कॉन्फिगने कोणी कधी बिल्डच केलं नव्हतं. पाच तारे, बिनशर्त.

ओएफ-मॅच-पॉइंटरने मात्र माझं डोकं उठवलं. डिव्हाइस ट्रीवरची (बोर्डवर काय काय आहे त्या यादीतली) नावं असलेलं टेबल आपण लिहितो आणि ड्रायव्हरच्या रचनेत या मॅक्रोतून देतो. डिव्हाइस ट्री बंद असेल तर मॅक्रो नल (काहीच नाही) देतं, मग टेबलाला कोणी वाली राहत नाही आणि "अनयूज्ड कॉन्स्ट व्हेरिएबल" येतं. मजा अशी की ड्रायव्हर मॉड्यूल (नंतर चढवायचा वेगळा तुकडा) म्हणून बिल्ड केला तर येत नाही, कारण मॉड्यूल-डिव्हाइस-टेबल त्या टेबलाचा हात धरून असतं. कर्नेलच्या आत बसवला की ते मॅक्रो रिकामं होतं आणि वॉर्निंग हजर. माझ्या मशीनवर कधी दिसली नाही, कारण मी नेहमी मॉड्यूलच करते. आम्ही एक छोटा पॅच मुख्य कर्नेलला पाठवला तेव्हा इंटेलच्या कर्नेल टेस्ट रोबोची मेल आली, कॉन्फिगसकट, पुन्हा कसं करून बघायचं त्या पायऱ्यांसकट. रोबो आहे पण आमच्या अर्ध्या सहकाऱ्यांपेक्षा बरा बग रिपोर्ट लिहितो. उपाय सोपा: मॅक्रो काढा, टेबलाचं नाव सरळ द्या. काही बाइट जातात, जाऊ देत.

घरगुती डीबग मॅक्रो हा आणखी एक रोग. डीबग बंद असताना जो मॅक्रो काहीच होत नाही, त्याला दिलेली व्हेरिएबल्स अनाथ होतात. डेव्ह-डीबीजी वापरा. तो बंद असला तरी कंपायलरला आतल्या गोष्टी दिसत राहतात. आणि ज्या मॅक्रोला एखाद्या पॅरामीटरची गरजच नाही तो स्टॅटिक इनलाइन फंक्शन करा. 2024 पासून हे कोडिंग स्टाइलमध्येही आहे.

फंक्शनच्या न वापरलेल्या पॅरामीटरबद्दल कर्नेल डब्ल्यू=1 मध्येही काही बोलत नाही, आणि बरं आहे. इंटरप्ट हँडलरला आयआरक्यू नंबर मिळतोच, तुम्हाला हवा असो वा नसो. तिथे तक्रार केली असती तर अख्खं कर्नेल पिवळं झालं असतं. माझा दीर हैदराबादला विंडोजचे ड्रायव्हर लिहितो. त्यांच्याकडे डब्ल्यू-4 (वॉर्निंग्जची कडक पातळी) आणि वॉर्निंग म्हणजे एरर, त्यामुळे प्रत्येक फंक्शनची सुरुवात अनरेफरन्स्ड-पॅरामीटरच्या दोन-तीन ओळींनी. गणपतीला आला होता तेव्हा त्याला हा सगळा प्रकार सांगितला तर म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे म्हणजे मोकळं रान." मी म्हटलं, भाऊजी, तुमच्याकडे त्या ओळी वाचतं तरी कोण? मोदक संपेपर्यंत वाद चालला. फ्रीबीएसडीवाल्यांची एक युक्ती मात्र दोघांनाही आवडली: तिथे डायग-यूज्ड असा वेगळा शिक्का आहे, फक्त असर्टसाठी (अमुक खरं आहे ना या तपासणीसाठी) लागणाऱ्या व्हेरिएबल्सवर मारायचा. का बिनवापराचं आहे ते नावातच कळतं. लिनक्सने ही उचलायला हरकत नाही.

कंसातल्या व्हॉइडला मी एक तारा देते. त्याने कारण सांगितलं जात नाही, फक्त तोंड दाबलं जातं.

वॉर्निंगला एरर करावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 2021 च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने कर्नेल 5.15 साठी सगळ्या बिल्ड्सना डब्ल्यू-एरर लावलं आणि थोड्याच दिवसांत ते कंपाइल-टेस्ट या चाचणीच्या पर्यायापुरतं मागे घ्यावं लागलं. आमच्या बिल्ड सर्व्हरवर मी डब्ल्यू=1ई (वॉर्निंग आली की बिल्ड थांबव) लावून बघितलं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज अडली की लोक डेटाशीट उघडत नाहीत, मेबी-अनयूज्ड उघडतात. पंधरा दिवसांत पाच नवे शिक्के आले. ई काढलं. आता वॉर्निंग्जचा आकडा फक्त रोजच्या मेलमध्ये येतो आणि वाढला तर मी त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभी राहते. तंत्रज्ञान जुनं आहे पण चालतं.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे चिपवाल्यांचा आयता कोड आहे त्यांनी आजच. पण एका बसणीत शून्यावर आणायला जाऊ नका, आणि नव्या मुलाला एकट्याला देऊ नका. एका कमिटमध्ये (कोडातल्या बदलाच्या एका नोंदीत) एकच व्हेरिएबल, आणि कमिटच्या मजकुरात ते तिथे कशासाठी होतं ते लिहायचं. "वॉर्निंग काढली" एवढंच लिहिलेली कमिट मी आता परत पाठवते. तो मुलगा हे आता माझ्यापेक्षा कडक करतो. परवा माझीच कमिट त्याने परत पाठवली, "मॅडम, रजिस्टर कुठलं ते लिहा" म्हणून.

63 पैकी एक अजून बाकी आहे. सुरुवातीच्या इनिटमध्ये 0एक्स3सी या पत्त्याचं वाचन, किंमत कोणी वापरत नाही. डेटाशीटमध्ये त्या पत्त्यासमोर "राखीव" एवढाच शब्द. काढलं तरी बोर्ड चालतो, फ्रीजरमध्येही चालला. तरी ठेवलंय. चिपवाल्यांना मेल करून पाच आठवडे झाले. उत्तर आलं की इथे भर घालीन.